'कॉम्प्युटर गेला' म्हणण्याआधी

तळोज्याची औद्योगिक वसाहत आणि मुंब्रा-पनवेल रस्ता यांवर दिवसरात्र गाड्या धावतात. गॅरेजवाल्या कारागीर बांधवांची चूल त्यांवरच पेटते. नुसत्या आवाजावरून कार्ब्युरेटरचा बिघाड ओळखणारे उस्ताद आपल्यात आहेत, पण बॉनेटखाली ॲल्युमिनियमचा चपटा डबा दिसला की हेच हात मागे येतात आणि गिऱ्हाइकाला सांगितले जाते, "कॉम्प्युटर गेला, कंपनीत न्या." आमच्या मते या एका वाक्याने हातचे गिऱ्हाईक कायमचे जाते.

हा डबा, म्हणजे ईसीयू, करतो काय? उस्ताद जे कानाने करीत, तेच हा मोजून करतो. क्रँकजवळचा सेन्सर दातेरी चक्रावरून इंजिनाची गती कळवतो. पाण्याचे तापमान, आत येणारी हवा, एक्झॉस्टमध्ये उरलेला ऑक्सिजन, हे बाकीचे सेन्सर सांगतात. त्यावरून इंजेक्टर सेकंदाचे किती हजारांश उघडा ठेवायचा व ठिणगी कधी पाडायची, हे डबा ठरवतो. पेट्रोलच्या १ भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हा त्याचा मूळ हिशेब. अनेक सेन्सरना तो ५ व्होल्ट देतो आणि परत किती आले ते वाचतो.

तेव्हा खबरच खोटी आली तर डबा शाबूत असूनही हुकूम चुकणार. आणि खोटी खबर बऱ्याचदा गंजलेल्या अर्थिंगमुळे, हिरव्या पडलेल्या कनेक्टरमुळे किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरीमुळे येते. खाडीकडच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात तर हे आधी पाहावे. स्कॅनरने सेन्सरचा कोड दाखवला म्हणून लगेच सेन्सर बदलू नये. दोष त्याच्या वायरीतही असू शकतो.

त्यासाठी डिजिटल मल्टिमीटर हवा. बल्बचा टेस्ट लॅम्प या वायरींना लावू नये. तो जास्त करंट ओढतो आणि आतले सर्किट जळू शकते. डेंटिंगवाल्या बांधवांनीही वेल्डिंगपूर्वी बॅटरीची केबल सोडावी.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर जवळपास गेला. म्हणून शागिर्दाच्या हाती पाना देतानाच मीटरही द्यावा, असे आम्हांला वाटते.

डबा कधी खरोखरच जळतो. नवा बसवताना बऱ्याच गाड्यांत चावीची जुळवणी करावी लागते, आणि ते काम कंपनीकडे पाठवण्यात कमीपणा नाही. मात्र अर्थिंग तपासून झाल्यावर.