औषधनिर्माता वॉर्डात हवा

रुग्ण तातडीने दाखल होतो तेव्हा डॉक्टर विचारतात, ‘आधीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ उत्तर येते, ‘बीपीची एक, शुगरची एक आणि सकाळची छोटी पांढरी.’ रात्रपाळीचा निवासी डॉक्टर कळले तेवढे केसपेपरवर उतरवतो आणि पुढचे उपचार त्या अपुऱ्या यादीवर चालतात.

हे जिवावर बेतू शकते. संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून ‘रोज’ लिहिले गेले, तर तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात, मृत्यूही ओढवतो. फिटची गोळी लिहायची राहिली, तर वॉर्डातच झटका येऊ शकतो. त्यात आपल्याकडे एकच औषध अनेक ब्रँडनावांनी विकले जाते. घरची ॲम्लोडिपिन चालूच राहते आणि रुग्णालयातली वेगळ्या नावाने तिच्या जोडीला येते. रक्तदाब कोसळला की कारण शोधत बसावे लागते.

ही यादी नीट लावणे हे प्रशिक्षित औषधनिर्मात्याचे काम आहे. पिशवीतली पाकिटे आणि जुन्या चिठ्ठ्या पाहायच्या, घरच्यांशी बोलायचे, गरज पडल्यास गावातल्या मेडिकलवाल्याला फोन लावायचा. काढे आणि परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही विचारून घ्यायच्या, कारण त्या कुणी आपणहून सांगत नाही. मग तफावत डॉक्टरांपुढे ठेवायची. ब्रिटनमध्ये ‘नाइस’ या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही पडताळणी दाखल झाल्यापासून २४ तासांत व्हावी लागते.

आपल्याकडे माणसे नाहीत, असे म्हणता येणार नाही. सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम देशात २००८ पासून आहे आणि त्याचे शेवटचे वर्ष रुग्णालयातच जाते. तरीही सरकारी रुग्णालयातला औषधनिर्माण अधिकारी साठ्याच्या नोंदी, मागणीपत्रे आणि खिडकीपुढची रांग यांतच अडकलेला दिसतो. दोष त्याचा नाही. त्याने वॉर्डात यावे, अशी अपेक्षाच कुणी ठेवलेली नाही.

राज्य सरकारने वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांपासून सुरुवात करावी. अपघात विभाग आणि मेडिसिनच्या वॉर्डांत फार्म.डी. पदवीधरांची स्वतंत्र पदे निर्माण करावीत, तीही रात्रपाळीसह. डॉक्टरांनी हा आपल्या कामातला हस्तक्षेप मानू नये. आणि ही पदे भरली जाईपर्यंत वाचकांनी एवढे करावे: घरातल्या ज्येष्ठांच्या औषधांची नावे, मात्रा आणि वेळा आजच एका कागदावर लिहून ठेवाव्यात.