'मी कधीच नाही...': पार्टीतला घोटाचा खेळ आणि कायदा

थर्टी फर्स्ट जवळ आला की हिंगोली जिल्ह्यातही शेतावरच्या, ढाब्यावरच्या पार्ट्यांचे बेत ठरतात. तरुणांच्या अशा पार्ट्यांमधला एक लोकप्रिय खेळ म्हणजे 'नेव्हर हॅव आय एव्हर'.

कसा खेळतात?
सगळे गोल बसतात. एक जण म्हणतो, "मी कधीच कॉलेज बुडवलं नाही." ज्यांनी बुडवलंय त्यांनी एक घोट घ्यायचा. मग पुढच्याची पाळी.

धोका कुठे?
किती प्यायची हे पिणारा नाही, खेळ ठरवतो. एक पेग पचवायला यकृताला साधारण तासभर लागतो. खेळात तेवढी उसंत मिळत नाही.

कायदा काय सांगतो?
- महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी किमान वय 21, कडक दारूसाठी 25.
- पिण्याचा परवाना लागतो. विदेशी दारूचा एका दिवसाचा परवाना 5 रुपयांना मिळतो.
- विनापरवाना ढाब्यावर बैठक बसली, तर ढाबामालकासोबत पिणाऱ्यांवरही गुन्हा दाखल होतो.
- 100 मिलि रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी 10 हजार रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

कुणी शुद्ध हरपून पडला, तर 'झोपेल, उतरेल' म्हणून सोडू नका. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा. खेळ मात्र सरबतावरही तितकाच रंगतो.