पीटीचा तास गणिताला कुणी दिला?

माझी बहीण साताऱ्यात राहते, मी सांगलीत. मागच्या ईदला ती माहेरी आली होती. शीरखुर्म्याच्या वाट्या अजून उचलल्याही नव्हत्या, तोच तिच्या मुलीचा विषय निघाला. भाचीचं बी.पी.एड. झालंय. आता तिला एम.पी.एड. करायचंय, म्हणजे शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, आणखी दोन वर्षं. पाहुण्यांत एक बुजुर्ग होते, उभी हयात हायस्कुलात गणित शिकवलेले. ते खदखदून हसले आणि म्हणाले, "खेलने का बी एम.ए. रहता क्या?"

त्यांच्यामागून सगळेच हसले. भाची वाट्या गोळा करून आत निघून गेली.

मी तेव्हा गप्प बसलो. ईदच्या दिवशी वडीलधाऱ्यांशी वाद घालायचा नसतो. पण ते हसणं डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितोय.

हसणारे सर गणिताचे होते हे मुद्दाम सांगितलं. कारण आपल्या शाळांत पीटीचा तास गणिताला जातो, नाहीतर विज्ञानाला. दहावीला तर तो वेळापत्रकात नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला असतो. मी शिकलो त्या शाळेत एकच व्हॉलीबॉल होता. तो कपाटात आणि किल्ली हेडमास्तरांकडे. तास मिळालाच तर दांडगी पोरं मैदान धरायची, किरकोळ पोरं कडेनं उभी राहायची आणि मुली पायरीवर बसायच्या. "मुलींनो, तुम्ही बसा गप्पा मारत," असं सर प्रेमानं सांगायचे. दहा वर्षांच्या शाळेत आमच्या वर्गातल्या मुलींनी किती मिनिटं पळून काढली असतील, याचा हिशेब कुण्या गणिताच्या सरांनी केलेला नाही.

आणि आमचे जिल्हे बघा कुठले! ऑलिंपिकचं पहिलं वैयक्तिक पदक स्वतंत्र भारताला मिळवून देणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. साल १९५२, हेलसिंकी, कुस्तीतलं कांस्य. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण आणणारे मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची, रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. अदिती स्वामी साताऱ्याची, २०२३ मध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. पानटपरी चालवणाऱ्या बापाचा मुलगा संकेत सरगर सांगलीचा, २०२२ ला बर्मिंगहॅमहून वेटलिफ्टिंगचं रौप्य घेऊन आला. आता खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन झालाय. त्या दिवशी फोटोला हार घालतात, भाषणं होतात. दुसऱ्या दिवशी पीटीचा तास परत गणिताला.

ही सगळी मंडळी घडली ती तालमींमुळे, आईबापांच्या हट्टामुळे, एखाद्या वेड्या शिक्षकामुळे. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षकानं त्याला हेरलं, पळायला लावलं, पुढे क्रीडा प्रबोधिनीत पाठवलं, आणि तो टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये धनुष्य घेऊन उभा राहिला. त्या शिक्षकाची बदली दोन वर्षं आधी झाली असती तर? प्रवीण आज कुठल्या बांधकामावर असता, हे आपल्याला कळलंही नसतं.

पण पदकांबद्दल मी इतकं बोलतोय ते चुकतंय खरं तर. भाचीला पदकवाले घडवायचे नाहीत. तिला उरलेल्यांना शिकवायचंय. लोकांना नेमकी हीच गोष्ट कळत नाही. खेळाचं शिक्षण म्हटलं की त्यांना शिट्टी घातलेला कोच दिसतो.

आपल्या सरकारला हा फरक एके काळी कळत होता. १९५० मध्ये केंद्रानं सल्लागार मंडळ नेमलं, त्याच्या नावातच 'शारीरिक शिक्षण आणि मनोरंजन' होतं. १९५६ च्या राष्ट्रीय आराखड्याचं नावही तेच. मनोरंजन म्हणजे टीव्ही किंवा तमाशा असा त्याचा अर्थ नव्हता. कामातून, अभ्यासातून मोकळ्या झालेल्या वेळात माणसानं अंग आणि मन कसं ताजं करावं, चार लोकांत कसं मिसळावं, हे शिकवण्याची गोष्ट होती ती. पुढे 'क्रीडा' शब्द मोठा होत गेला आणि 'मनोरंजन' अभ्यासक्रमातल्या एखाद्या प्रकरणापुरतं उरलं. पदक मोजता येतं. खेळून आलेल्या पोराच्या तोंडावरचा घाम कुठल्या अहवालात लिहिणार?

भाचीचे सराव पाठ चालू होते तेव्हा एकदा मी तिला शाळेत सोडायला गेलो आणि भिंतीला टेकून तासभर बघत राहिलो. आठवीचा वर्ग, पन्नासच्या वर पोरं, बॉल दोन, वेळ चाळीस मिनिटं. मी असतो तर दोन टीम पाडून बाकीच्यांना बसवलं असतं. तिनं आधीच जमिनीवर फक्की मारून सहा चौकोन आखून ठेवले होते. दोन चौकोनांत बॉल, दोनांत लगोरी, एकात दोरीवरच्या उड्या आणि एकात नुसतं तोल सांभाळत रेषेवरून चालायचं. पाच-सहा मिनिटांनी शिट्टी, की गट पुढच्या चौकोनात. बाद झालेल्यानं बाहेर बसायचं नाही, शेजारच्या चौकोनात जायचं. एक मुलगा पायानं अधू होता, त्याला तिनं पंच केलं नाही. (अशा पोराला नेहमी पंच करतात, दया म्हणून.) त्याला लगोरीत नेम धरायला लावलं आणि तो सगळ्यांना भारी पडला. ओढणी सावरत उभ्या राहिलेल्या तीन-चार मुली होत्या. त्यांना ती काहीच म्हणाली नाही. फक्त त्यांचा गट तिनं भिंतीकडच्या चौकोनापासून सुरू केला, जिथं रस्त्यावरून कुणाला दिसत नाही. तिसऱ्या शिट्टीला त्या मुली ओरडत होत्या.

हे आपोआप येत नाही. कुठल्या वयाच्या पोराच्या गुडघ्यावर किती ताण द्यायचा, पाळीच्या दिवसांत मुलीला काय सांगायचं, दम लागणं आणि दमा यांतला फरक कसा ओळखायचा, हे तिनं शिकलंय. शरीररचना शिकली, मापन-मूल्यमापन शिकली, शिबिरं घेतली. गणिताच्या सरांना त्यांचं गणित जसं शिकावं लागलं तसंच.

आता पोटाचं बोलू, कारण दुलाभाईंचा, म्हणजे भाचीच्या अब्बांचा, खरा सवाल तोच आहे. मी भाचीला खोटी आशा दाखवणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. सहावी ते आठवीत शंभराच्या वर मुलं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी शिक्षक हवा असंही लिहिलंय, पण कसला? अंशकालीन. कला आणि कार्यानुभवाच्या शिक्षकांसारखाच. कायद्यानंच अर्धा धरलेला माणूस शाळा पूर्ण कशाला धरेल? समग्र शिक्षा योजनेत खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत मिळतात, उच्च प्राथमिकला १०,०००, माध्यमिकला २५,०००. प्राथमिकच्या पैशात बॉल, दोऱ्या आणि फक्की आली की संपलं. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट आणि वर धावण्याची चाचणी. तिशीच्या आतल्या बाईनं आठ मिनिटांत हजार मीटर, पुरुषानं बारा मिनिटांत अठराशे. इतकं करून जागा निघतात त्या हाताच्या बोटावर. बाकीचे तासिका तत्त्वावर राबतात आणि मानधनाची वाट बघतात.

एकीकडे सरकार अभ्यासक्रमांना मान्यता देतं, सीईटी घेतं, मैदानी चाचणी घेतं, पोरांकडून फिया भरून घेतल्या जातात. दुसरीकडे त्यांनी जिथं जायचं ती दारं तेच सरकार अर्धी लावून ठेवतं. ही पोरांची फसवणूक आहे. पण हसायचं ते फसवणाऱ्याला. आपण हसतो फसलेल्या पोरीला.

आता थोडं आपल्या मोहल्ल्याबद्दल. आपल्या पोरांना मैदान आहे. टेनिस बॉलच्या नाईट टूर्नामेंट होतात, नगरसेवक ट्रॉफी देतात, पहाटेपर्यंत लाऊडस्पीकर चालतो. जिमही आहे. आणि मुलींना? आठवीनंतर घराची गच्ची. कुणी विचारलं तर म्हणायचं, शाळेत मर्द सर आहेत, मुलीला मैदानात कसं पाठवणार? ठीक आहे. मग बाई हवी ना? ती बाई आभाळातून पडणार का? कुणाच्या तरी घरातली मुलगी ही पदवी घेईल तेव्हाच तुमच्या मुलीला मैदानावर बाई मिळेल. माझ्या बहिणीच्या घरातली घ्यायला निघाली आणि तुम्ही हसलात.

दीनच्या नावानं कुरकुर करणाऱ्यांना एवढंच आठवण करून देतो की पैगंबर साहेबांनी हजरत आयेशांबरोबर पळण्याची शर्यत लावली होती. पहिल्यांदा त्या जिंकल्या, नंतरच्या खेपेला पैगंबर साहेब. अबू दाऊदच्या हदीस संग्रहात आहे, काढून बघा.

आणि मोहल्ल्याबाहेरचे माझे मित्र आता मान डोलावत असतील, "तुमच्यात मुलींना खेळू देत नाहीत ना," म्हणून. त्यांना विनंती आहे, आपापल्या मुलींच्या शाळेत एकदा पीटीच्या तासाला जाऊन या. साताऱ्यात दरवर्षी यवतेश्वरच्या घाटात मोठी हाफ मॅरेथॉन होते, हजारो लोक पळतात. त्यातल्या किती बायांना शाळेत पळायला मिळालं होतं, एवढंच विचारा. पायरीवर बसलेल्या आमच्या वर्गातल्या मुलींत देशमुख होत्या, कुलकर्णी होत्या, कांबळे होत्या, मुल्लाही होत्या.

भाचीनं सीईटीचा फॉर्म भरलाय. रोज पहाटे ती क्रीडा संकुलावर पळायला जाते, धाकटा भाऊ सोबत असतो. फीचे पैसे मी देतो म्हटलं तर दुलाभाई म्हणाले, पैशाचा सवाल नाही, आधी पोस्ट निघते का बघ. थोरला मुलगा इंजिनिअर होऊन दीड वर्ष घरी आहे. त्याच्या ॲडमिशनच्या वेळी पोस्टचं कुणी विचारलं नव्हतं, पेढे वाटले होते. मीही खाल्ले होते. हे त्यांना फोनवर बोलायला जीभ उचलली नाही. या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की साताऱ्याची एसटी धरणार आहे. तेव्हा बोलेन.