‘पडीक’ हा जमिनीचा वर्ग नव्हे
मरुभूमीतील चुनखडकाळ कुरणांविषयी काही विचार

राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्यात प्रथमच जाणाऱ्या मनुष्याची अशी समजूत असते की, तेथे जिकडेतिकडे वाळूच्या टेकड्याच दृष्टीस पडतील. प्रत्यक्षात जैसलमेर शहराच्या सभोवतालचा बराच मोठा प्रदेश वाळूचा नसून दगडाचा आहे. ज्युरासिक कालखंडात या भागावर समुद्र होता. त्याच्या तळाशी थरावर थर साचून जो पिवळसर चुनखडक तयार झाला, तोच आज तेथील माळरानाचा पाया आहे. जैसलमेरच्या किल्ल्याला सोनेरी झळाळी देणारा दगडही याच भूमीतला. या खडकावर कोठे चार बोटे, कोठे वीतभर, तर कोठे हातभर माती आढळते आणि तीही खड्यागोट्यांनी भरलेली असते. अशा दगडाळ उंचवट्याच्या रानाला तेथील लोक ‘मगरा’ म्हणतात.

लोकांनी या रानाला नाव दिले आहे. कागदोपत्री मात्र त्याची नोंद बहुधा ‘पडीक’ किंवा ‘दगडाळ पडीक’ अशीच होते. प्रस्तुत लेखाचा विषय ही नोंद हाच आहे. आमच्या मते ‘पडीक’ हा जमिनीचा वर्ग नव्हे. जमिनीवर आज पीक उभे नाही, एवढेच तो शब्द सांगतो. ती जमीन कशी आहे, तिच्यात किती पाणी मावते आणि तिच्याकडून काय मागता येईल, यांपैकी कशाचाही बोध त्यावरून होत नाही. आणि ज्या जमिनीची पारखच झालेली नाही, तिच्यावर नांगर, कालवा किंवा झाडांचे खड्डे, जे काही लादले जाईल, ते फसण्याचाच संभव अधिक.

खोली आणि खडे यांचा हिशेब

अशा जमिनीची परीक्षा करताना पहिला प्रश्न खोलीचा. आपल्या देशातील मृद सर्वेक्षणात २५ सेंटिमीटरांपेक्षा कमी खोलीची जमीन अति उथळ आणि २५ ते ५० सेंटिमीटर खोलीची जमीन उथळ मानली जाते. परंतु नुसती खोली मोजून भागत नाही. दोन मिलिमीटरांहून मोठा प्रत्येक खडा मातीची जागा अडवतो आणि त्या जागेत पाणी जवळजवळ मुळीच साठत नाही. म्हणून खड्यांचे प्रमाण वजा केल्यावर उरते तीच खरी माती.

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, मातीची खोली २५ सेंटिमीटर आहे आणि तिच्या आकारमानाचा निम्मा भाग खड्यांनी व्यापला आहे. म्हणजे बारीक माती उरली साडेबारा सेंटिमीटर. मध्यम पोताच्या मातीत तिच्या आकारमानाच्या सुमारे १५ टक्के पाणी पिकाला उपलब्ध होते असे धरले, तर ही सारी जमीन भिजून तृप्त झाली तरी तिच्यात सुमारे १९ मिलिमीटरच पाणी मावेल. पावसाळ्यातील उघडिपीच्या दिवसांत पिकाची गरज रोज पाच-सहा मिलिमीटर धरली, तर हा साठा तीन-चार दिवसांत संपतो. याउलट मीटरभर खोलीच्या चांगल्या भारी जमिनीत दीडशे मिलिमीटरांहूनही अधिक उपलब्ध ओलावा राहू शकतो. ज्या प्रदेशात वर्षाचा सरासरी पाऊस २०० मिलिमीटरांच्याही आत आहे आणि दोन पावसांत पंधरा-पंधरा दिवसांचा खंड पडतो, तेथे तीन दिवसांच्या शिदोरीवर बाजरीचे पीक उभे कसे राहणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

तथापि, या खड्यांना केवळ शत्रू समजणे योग्य नव्हे. पृष्ठभागावरील खड्यांचे आच्छादन हे त्या जमिनीचे चिलखत आहे. उन्हाळ्यातील सोसाट्याचा वारा बारीक माती उडवून नेऊ पाहतो, तेव्हा हेच खडे तिला दाबून धरतात. पावसाच्या थेंबांचा मारा ते आपल्या अंगावर घेतात आणि खालच्या ओलाव्याचे बाष्पीभवनही काही अंशी रोखतात. खडे वेचून रान ‘साफ’ करणारा मनुष्य पुष्कळदा आपल्याच मातीला वाऱ्याच्या स्वाधीन करीत असतो.

चुना कोठून येतो व काय करतो

या जमिनीतील चुना दोन प्रकारचा असतो. एक मूळ चुनखडकाच्या तुकड्यांतला. दुसरा मातीतच नव्याने साचलेला. पावसाचे पाणी वरच्या थरातील चुना विरघळवून खाली नेते आणि ते पाणी जेथे आटते तेथे चुना पुन्हा घट्ट होतो. वाऱ्याबरोबर येणारी धूळही यात भर घालते. पाऊस जितका कमी, तितके पाणी कमी खोलवर पोहोचते आणि तितका चुन्याचा थर वर राहतो. म्हणूनच मरुभूमीत चुना हाताच्या अंतरावर सापडतो.

हा चुना साचण्याच्या क्रमाचा उत्तम अभ्यास अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात झाला. तेथे लास क्रूसेस गावाजवळच्या मरुभूमीत १९५७ साली मृद सर्वेक्षणाचा एक दीर्घकालीन प्रकल्प सुरू झाला. त्यातील गाइल, पीटरसन व ग्रॉसमन या संशोधकांनी १९६६ साली या क्रमाच्या चार पायऱ्या मांडल्या. खडेयुक्त जमिनीत प्रथम खड्यांच्या खालच्या अंगाला चुन्याचा पातळ पांढरा लेप चढतो. मग लेप जाड होऊन खड्यांमधल्या पोकळीत चुना भरू लागतो. तिसऱ्या पायरीवर सारा थर चुन्याने बुजून जातो आणि चौथीवर त्या बुजलेल्या थराच्या माथ्यावर पापुद्र्यापापुद्र्यांची कठीण फरशी तयार होते. पाणी आणि मुळे या दोहोंनाही ती सहसा भेदता येत नाही.

शेतकरी बंधूंना ही परीक्षा कोणत्याही उपकरणाशिवाय करता येईल. खड्ड्यातला खडा उचलावा आणि उलटा करून पाहावा. वरचे अंग स्वच्छ आणि खालचे पांढरे असेल, तर तो चुना मातीत साचलेला आहे असे समजावे. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला असता ती फसफसते, ही चुन्याची दुसरी खूण.

चुनखडीयुक्त मातीचा सामू बहुधा ८ ते ८.४ च्या दरम्यान असतो. तो ८.५ च्या वर गेला तर चुन्याखेरीज सोडियमचाही संशय घ्यावा. चुन्यामुळे स्फुरद जखडला जातो. लोह व जस्त पिकाला सहजी मिळत नाहीत. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहणे, हे लोहाच्या कमतरतेचे ओळखीचे लक्षण. परंतु चुन्याने मातीचे कण एकत्र राहतात व ती भुसभुशीत राहते, हा त्याचा गुणही विसरता कामा नये.

वर्गीकरण कशासाठी?

अमेरिकेच्या कृषी खात्याने १९७५ साली प्रसिद्ध केलेली आणि पुढे सुधारत गेलेली मृद वर्गीकरण पद्धती आपल्या देशातही वापरली जाते. तिच्यानुसार मरुभूमीतील अशा एकसारख्या दिसणाऱ्या माळाचे निदान तीन भाग पडतात. पन्नास सेंटिमीटरांच्या आत अखंड कातळ आणि मातीचे थर फारसे विकसित न झालेले, असा पहिला. तो टोरिऑर्थेन्ट्सच्या ‘लिथिक’ उपगटात जातो. चुना साचलेला पण मऊ थर असलेला दुसरा, तो कॅल्सिड्समध्ये. आणि चुन्याची फरशीच बनलेला तिसरा, तो पेट्रोकॅल्सिड्समध्ये. खड्यांचे प्रमाण आकारमानाच्या ३५ टक्क्यांहून अधिक असेल तर ‘सांगाडायुक्त’ आणि चुना चाळीस टक्क्यांच्या वर असेल तर ‘कार्बोनेटयुक्त’ अशी विशेषणे पुढे लागतात.

ग्रामसेवक म्हणतील, ही अवघड नावे घेऊन आम्ही काय करावे? नावे पाठ करण्याची मुळीच गरज नाही; त्यांमागचे प्रश्न तेवढे ध्यानात ठेवावेत. पहार आदळल्यावर खाली लागले ते काय, कातळ की चुन्याची फरशी? कातळाखाली काहीच मिळणार नाही. फरशीखाली मात्र पुष्कळदा मऊ थर असतो. तिचा तुकडा पाण्यात ठेवला तर विरघळत नाही, आम्लात मात्र फसफसून विरतो. मऊ चुन्याच्या थरात झुडपांची मुळे मार्ग काढतात. फरशीवर ती आडवी पसरतात. एकाच माळावरच्या तीन जागी तीन निरनिराळे निर्णय घ्यावे लागतात ते यामुळेच. ‘पडीक’ या एका शब्दाने हे तिन्ही निर्णय पुसून टाकले जातात.

चुकीची किंमत

पारख न करता केलेल्या कामाची किंमत मोठी असते. राजस्थानच्या कालव्याचे काम १९५८ साली सुरू झाले. आज तो इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखला जातो. त्याने मरुभूमीत पिण्याचे पाणी आणि पिके आणली, हे त्याचे यश निर्विवाद आहे. परंतु त्याच्या लाभक्षेत्रात जेथे थोड्या खोलीवर पाणी अडवणारे कठीण थर होते, तेथे ओलिताचे पाणी खाली न जिरता वर चढू लागले आणि चांगल्या जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. पृष्ठभाग सपाट आणि मऊ दिसला, म्हणजे जमीन ओलितायोग्य ठरत नाही, हा त्याचा धडा.

झाडांची गोष्टही तशीच. कातळात दोन फुटांचा खड्डा खणून त्यात बाहेरची माती व खत घालून लावलेले रोप पहिली एक-दोन वर्षे टवटवीत दिसते. पण तो खड्डा म्हणजे दगडाची कुंडीच होय. मुळे भिंतीला टेकली की वाढ खुंटते आणि पाणी घालणारा हात थांबला की रोपही जाते. त्याच माळावर खडकाच्या भेगांतून गुग्गुळ, कुमट, थोर आणि केर (आपल्याकडील नेपती) ही झुडपे कोणाच्या मदतीवाचून उभी असतात. निसर्गाने तेथे काय लावले आहे, हे पाहून मग आपण काय लावावे ते ठरवावे. शेवण हे मरुभूमीचे श्रेष्ठ गवत खरे. पण ते खोल वाळूचे गवत आहे. ते वीतभर मातीच्या मगऱ्यावर पेरून बी वाया घालवू नये.

मगऱ्याचे खरे उत्पन्न

यावर कोणी विचारील की, मग या जमिनीचा उपयोग तरी काय? जमिनीची भूक असलेल्या गरीब कुटुंबाला तुम्ही हात बांधून बसण्यास सांगता काय? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

त्याचे उत्तर जैसलमेरच्याच शेतकऱ्यांनी शतकानुशतकांपूर्वी दिले आहे. दगडाळ उंचवट्यावर पडलेला पाऊस जिरत नाही, वाहतो. ते वाहते पाणी उताराच्या पायथ्याशी मातीचा बांध घालून अडवावे, गाळ व ओल तेथे साठू द्यावी आणि पाणी ओसरल्यावर रब्बीत गहू-हरभरा घ्यावा, अशी ‘खडीन’ नावाची पद्धती तेथे रूढ आहे. तिचा आरंभ पंधराव्या शतकाच्या सुमारास पालीवाल ब्राह्मणांनी केला असे मानले जाते. जेथे बाजरीही धड येत नाही त्या पावसात गहू पिकतो, तो लागवडीच्या कित्येक पट मोठ्या मगऱ्यावरचे पाणी एका शेतात गोळा होते म्हणून. अर्थात ज्याला आपण पडीक म्हणतो, तो खडीनाचा अर्धा भाग आहे. वरचा माळ नांगरला किंवा खोदून काढला, तर खालच्या शेताचे पाणी तुटते किंवा बांध गाळाने लवकर भरतो.

दुसरे उत्पन्न चाऱ्याचे. मेंढ्या, शेळ्या आणि उंट यांच्यावर जगणाऱ्या कुटुंबांना पावसानंतरचे काही महिने हा माळच पोसतो. त्याचे उत्पन्न अल्प आहे, पण ते बियाणे, खत किंवा नांगरट यांवाचून मिळते. मात्र पावसाळ्यात गवत फुटत असताना काही भाग आळीपाळीने राखला पाहिजे. बहुवर्षायू गवते खुरटून गेली की त्यांची जागा लांपासारखी कुसळाची निकृष्ट गवते घेतात, आणि वीतभर मातीतून एकदा गेलेले गवत पिढीभरात परत येत नाही. देवाच्या नावाने राखलेली ‘ओरण’ नावाची राने या शिस्तीचाच जुना नमुना होत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातील अशा रानांची पाहणी करून त्यांना वनांचे संरक्षण देण्याचे निर्देश दिले आहेत.

सौरऊर्जेचे प्रकल्प व दगडाच्या खाणी यांनाही जागा लागते, हे आम्ही नाकारीत नाही. पण जागा निवडताना ‘पडीक’ हा शब्द पुरेसा मानू नये. हे रान कोणत्या खडीनाचा पाणलोट आहे आणि कोणाची गुरे येथे चरतात, हे आधी विचारावे.

आपल्यापुरता धडा

महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण भागाचा खडक काळा बसाल्ट आहे, चुनखडक नव्हे. आणि पाऊसही जैसलमेरच्या दुपटीहून अधिक. म्हणून तेथील उपाय जसेच्या तसे येथे उचलणे चूक होईल. पण मुरमाड माळ, वीतभर माती, तिच्याखाली कंकराचे खडे आणि गावाच्या दप्तरात ‘पडीक’ किंवा ‘गायरान’ अशी एका शब्दाची नोंद, हे चित्र आपल्यालाही अपरिचित नाही. पारखण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था नागपुरात आहे, हेही आपण लक्षात ठेवावे.

म्हणून ग्रामसेवकांना आमची एकच विनंती आहे. गावच्या पडीक रानाविषयी कोणताही ठराव होण्यापूर्वी माथ्यावर, उतारावर आणि पायथ्याशी एकेक खड्डा घ्यावा. मातीची खोली, खड्यांचे प्रमाण, खड्याच्या खालच्या अंगाचा रंग आणि तळाशी लागलेला थर, या चार गोष्टी वहीत लिहाव्यात. गावातल्या वृद्ध मेंढपाळाला त्या खड्ड्याजवळ बोलवावे. पाणी कोठून कोठे वाहते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. एवढे करण्यास एक दिवस लागतो. न केल्यास कधी कधी एक पिढी लागते.