पायऱ्या चढायच्या तर

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येरमाळ्याला चुन्याचे खडे वेचायला वाकणाऱ्या, येडेश्वरीचा डोंगर चढणाऱ्या आजीबाई दिसतात. ही ताकद नुसत्या भक्तीची नाही, जन्मभराच्या खुरपणीचीही आहे. पण शेत सुटले, ओसरीवर बसणे आले की मांड्या लवकर वाळतात. मग जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. ‘वय झालं’ म्हणून आपण तो विषय संपवतो. ते खरे नाही. बोस्टनमध्ये 1990 साली नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांना 8 आठवडे वजने उचलायला लावली, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. शिवाय जेवणानंतर रक्तातली बरीच साखर स्नायूच शोषून घेतात, म्हणजे मधुमेह्यांना दुहेरी लाभ. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान 2 दिवस असा ताकदीचा व्यायाम सांगते. त्याला जिम लागत नाही. खुर्चीतून हात न टेकता 10 वेळा उठ-बस, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे आणि ताटात डाळ, दूध, अंडी पुरेत. हृदयविकार किंवा गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ग्रामपंचायतींनी खुल्या व्यायामशाळेत सकाळचा एक तास ज्येष्ठांसाठी राखून ठेवावा.