यात इंजिनिअरिंग कुठे आहे?

गेल्या सेमिस्टरला माझा सेमिनार झाला. बाकीच्यांचे विषय फ्युएल सेल, रोबोटिक आर्म असले भारदस्त होते. माझा विषय होता, युद्धकाळात विमानांचे कारखाने आणि विमानतळ शत्रूच्या नजरेआड करण्याचं तंत्र, म्हणजे कॅमोफ्लाज. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी सगळ्या स्लाइड शांतपणे बघितल्या आणि म्हणाले, "छान आहे, पण हे गॅदरिंगच्या डेकोरेशनसारखं झालं. यात इंजिनिअरिंग कुठे आहे?"

मला तिथे काहीच सुचलं नाही. 50 पैकी 27 मार्क मिळाले. उत्तर सुचलं ते रात्री मेसमधून परतताना, जसं ते नेहमीच सुचतं. मार्क तर आता वाढत नाहीत, म्हणून मॅगझिनची पानं वापरतोय.

सरांना खटकलेली स्लाइड कुठली ते मला माहीत आहे. अमेरिकेत सिअॅटलला बोइंगचा प्लँट नंबर 2 होता. दुसऱ्या महायुद्धात बी-17 जातीची जवळजवळ 7 हजार बॉम्बर विमानं एकट्या या कारखान्यातून बाहेर पडली. 7 डिसेंबर 1941 ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिकेचा सगळा पश्चिम किनारा हादरला. मग या कारखान्याच्या पंचवीसेक एकर छतावर चक्क एक वसाहत बसवली. रस्ते, कुंपणं, झाडं, खऱ्यापेक्षा बुटकी घरं. खाली बॉम्बर जोडले जातायत आणि वर शांत गल्ली! झाडं म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी आणि रंगवलेली पिसं, बाकी गोणपाट आणि लाकूड. हे काम ज्याच्याकडे होतं तो जॉन डेटली हॉलिवूडमध्ये सिनेमाचे सेट उभारायचा. 1940 च्या एका चित्रपटासाठी त्याचं ऑस्करला नामांकनही झालं होतं. तिकडे कॅलिफोर्नियात बर्बँकला लॉकहीडचा कारखानाही असाच जाळीखाली गेला.

सेटवाला माणूस, पिसं, गोणपाट. सरांना डेकोरेशन वाटलं त्यात त्यांची फारशी चूक नाही. पण एक साधं गणित करून बघा. समजा कारखाना 15 मीटर उंच आहे. छत कितीही सुंदर रंगवलं तरी सकाळी सूर्य 20 अंशांवर असताना त्याची सावली सुमारे 41 मीटर लांब पडते. काळीशार आणि सरळ कडेची. वैमानिकाला वरून रंग कमी आणि सावली जास्त कळते. म्हणजे घालवायची आहे ती सावली. त्यासाठी छताच्या कडेपासून जमिनीपर्यंत जाळी उतरती न्यायची आणि तिचा उतार सूर्याच्या कोनापेक्षा कमी ठेवायचा. चारास एक उतार धरला तर तो 14 अंश होतो, सावली गायब! पण मग प्रत्येक बाजूला 60 मीटरपर्यंत जाळी आली. तिला खांब आले, खांबांना पाया आला, वाऱ्याचा भार आला, पावसात गोणपाट भिजल्यावरचं वजन आलं. खाली ट्रक फिरले पाहिजेत, हवा खेळली पाहिजे, आणि एवढ्या गोणपाटाला आग लागली तर काय, तेही बघायचं. सर, हा सगळा आपल्याच सिलॅबसमधला भाग आहे.

ई अँड टीसीवाल्यांसाठी अजून एक गंमत. झाडाचं जिवंत पान इन्फ्रारेड किरण भरपूर परावर्तित करतं, साधा हिरवा रंग करत नाही. कोडॅकने त्याच युद्धात हा फरक पकडणारी खास फिल्म काढली. डोळ्यांना सारखेच हिरवे दिसणारे खरं रान आणि रंगवलेलं छत त्या फिल्मवर वेगवेगळे उठून दिसायचे. तोडून लावलेली फांदीसुद्धा सुकायला लागली की चुगली करायची.

आता सरांच्या बाजूचंही बोलतो. सिअॅटलच्या त्या छतावर एकही बॉम्ब पडला नाही. जपानी विमानं कारखान्यांपर्यंत आलीच नाहीत, मग सोंग वठलं की नाही हे कसं ठरवणार? शिवाय शेजारून दुवामिश नदी वाहते. नदीवर गोणपाट कसा टाकणार? नकाशा घेऊन आलेल्या वैमानिकाला नदीच हात धरून कारखान्यावर नेऊन सोडेल. म्हणून सगळेजण बोइंगचेच फोटो एकमेकांना दाखवतात, पण माझ्या मते या विद्येचं ते सगळ्यात चांगलं उदाहरण नाही. फोटो झकास आहेत इतकंच. मीही तेच फोटो सुरुवातीला ठेवले आणि 27 वर आलो!

खरी परीक्षा झाली इंग्लंडमध्ये. तिथे हे खातं कर्नल जॉन टर्नर यांच्याकडे होतं. हे गृहस्थ हवाई मंत्रालयात बांधकाम विभागाचे संचालक होते, म्हणजे पक्के इंजिनिअर. त्यांनी विमानतळ लपवण्यापेक्षा खोटे विमानतळ मांडण्यावर भर दिला. दिवसा फसवायच्या जागांना 'के' साइट म्हणत. तिथे लाकूड-कापडाची विमानं उभी असत, तीही शेपर्टनच्या सिनेमा स्टुडिओत बनलेली. तैनातीवरच्या लोकांना ती खोटी विमानं इकडून तिकडे ढकलत राहावं लागे, कारण आठ दिवस एकाच जागी उभं राहिलेलं विमान वरून बघणाऱ्याला लगेच खोटं वाटतं. रात्रीच्या जागांना 'क्यू' साइट म्हणत. ओसाड माळावर फक्त दिव्यांच्या ओळी, धावपट्टीसारख्या. दिवसाच्या मानाने रात्रीची ही युक्ती जास्त चालली. इतकी, की कधीकधी आपलेच वैमानिक तिथे उतरायला बघायचे.

मला थांबायचंय ते इथे. त्या माळावर जमिनीतल्या खंदकात दोन-तीन माणसं बसलेली असत. त्यांची ड्यूटी काय, तर शत्रूचं विमान आलं की दिवे असे दाखवायचे की त्याने बॉम्ब इथेच टाकावेत. आपल्या डोक्यावर! आणि बॉम्ब पडले की काम फत्ते झालं असं समजायचं. सेमिनारच्या वेळी मी हे एका ओळीत उरकलं होतं, त्याची आता लाज वाटते.

आपल्याकडचं उदाहरण तर मी घेतलंच नव्हतं. 6 सप्टेंबर 1965 ला पठाणकोटला आपली दहाएक विमानं जमिनीवरच गेली, उघड्यावर उभी होती म्हणून. त्यानंतर विमानांसाठी भक्कम आडोसे बांधले गेले. 3 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर एकदम हल्ला केला, तेव्हा धावपट्ट्यांना खड्डे पडले पण उभ्या विमानांचं फारसं काही बिघडलं नाही. आग्र्याला तर ताजमहालच झाकला होता, चांदण्यात खूण सापडू नये म्हणून. माझी आजी तेव्हा मुंबईला होती. खिडक्यांच्या काचांना काळा कागद खळीने चिकटवायची आठवण ती अजून सांगते.

आणि भूज. 8 डिसेंबर 1971 ला बॉम्बफेकीत तिथली धावपट्टी उखडली. दुरुस्तीला माणसं नव्हती. तळाचे प्रमुख स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक यांनी शेजारच्या माधापर गावाची मदत मागितली आणि सुमारे 300 बायका आल्या. त्यांना हिरव्या साड्या नेसायला सांगितलं होतं. भोंगा वाजला की झुडपांत शिरायचं, विमानं गेली की परत घमेली उचलायची. धावपट्टी वरून उठून दिसू नये म्हणून ती शेणाने सारवली. 72 तासांत धावपट्टी तयार झाली आणि विमान उडालं. मटेरियल जागेवरच मिळणारं, खर्च जवळजवळ शून्य, आणि माणसांचा रंगसुद्धा डिझाइनमध्ये धरलेला. यापेक्षा चांगली केस स्टडी मला कुणी दाखवावी. बोइंगच्या फोटोंना भुललो आणि हे सोडलं, तेव्हा तीन-चार मार्क मी स्वतःच घालवले हेही कबूल.

हे सगळं जुनं झालं, आता सॅटेलाइट आहेत, असा दुसरा आक्षेप रूममेटने घेतला. रडार ढगातून आणि अंधारातून बघतं हे खरंच आहे. पण 2023 मध्ये रशियाने आपल्या मोठ्या बॉम्बर विमानांच्या पंखांवर ट्रकचे टायर मांडून ठेवले होते. जग हसलं. यामागचा बहुधा पटणारा अंदाज असा, की क्षेपणास्त्राच्या डोक्यातला कॉम्प्युटर समोरचं चित्र साठवलेल्या चित्राशी जुळवतो आणि टायरमुळे त्याचा घोळ होतो. कॉम्प्युटरवाल्यांनो, आता हा विषय तुमच्याकडे आला. अर्थात 1 जून 2025 ला युक्रेनने ट्रकवरच्या लाकडी केबिनांत ड्रोन दडवून रशियाच्या तळांजवळ नेले आणि उघड्यावरची विमानं जाळली. त्या दिवशी सोंग हल्ला करणाऱ्यानेच घेतलं होतं.

परवा संध्याकाळी मी आणि रूममेट (सिव्हिल, बी.ई.) टेप घेऊन हॉस्टेलच्या गच्चीवर गेलो. वॉचमनकाकांना वाटलं, पाण्याची टाकी फुटली. साडेचारला टाकीची सावली मेसच्या पत्र्यापर्यंत जाते. हॉस्टेल लपवायचं तर मेससकट सगळं जाळीखाली घ्यावं लागेल, शिवाय बॅडमिंटन कोर्टाचा अर्धा भाग. मी म्हटलं, आधी दोऱ्यांवरचे टॉवेल-बनियन काढायला लावू, फार चमकतात.

"वेडा आहेस का," तो म्हणाला, "ते राहू देत. तेवढंच एक खरं वाटतं."