उचललेला दगड जागेवर ठेवा

स्लोव्हेनियात मोठा पूर आला की चुनखडीच्या गुहांमधून कधी कधी एक फिकट जीव वाहत बाहेर येई. लोक त्याला ड्रॅगनचं पिल्लू समजत. तिथले इतिहासकार वाल्वासोर यांनी १६८९ मध्ये ही समजूत नोंदवली. तो जीव होता ओल्म, गुहेत राहणारा आंधळा सॅलॅमँडर. डोळे कातडीखाली झाकलेले, मानेशी जन्मभर गुलाबी कल्ल्यांचे झुपके. २०१६ मध्ये पोस्तोयना गुहेत माणसांच्या देखत त्याची पिल्लं अंड्यांतून बाहेर आली. शेतातली खतं मात्र चुनखडीच्या भेगांतून त्याच्याच पाण्यात झिरपतात.

सह्याद्रीत सॅलॅमँडर नाही. पण ओल्या दगडाखाली त्याचा बिनपायांचा उभयचर नातेवाईक, देवगांडूळ आहे. या पावसाळ्यात त्याच्या शोधात निघालात, तर उचललेला दगड होता तसाच ठेवा. त्याखाली कुणाचं तरी घर आहे.